फिरती पुस्तकपेटी : पेटी घ्यावी, पुस्तिका कपाटात ठेवावी

गेल्या जूनपासून मार्चअखेरपर्यंत आमच्या तिसरीच्या वर्गात पुण्यातील एका संस्थेची फिरती पुस्तकपेटी होती. शाळा पेठेतली, मराठी माध्यमाची, अनुदानित. वर्गाचा पट ३८. संस्था शाळांना तीन गोष्टी एकत्र देते: पुस्तकांनी भरलेली पत्र्याची पेटी, शिक्षकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका आणि अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण. या तिन्हींच्या आधारे मुलांनी रोज वीस मिनिटे आपापले पुस्तक निवडून स्वतंत्रपणे वाचावे, अशी योजना आहे. दहा महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की पेटीचे भाडे वसूल होते, प्रशिक्षण घेतले नाही तरी अडत नाही, आणि पुस्तिकेतील मुख्य सूचना जशीच्या तशी पाळली तर ज्या मुलांना वाचनाची सर्वांत जास्त गरज आहे त्यांचीच वीस मिनिटे वाया जातात. संस्थेचे नाव मी देत नाही. ती लहान आहे, तिची माणसे कष्टाळू आहेत आणि पुढे मांडलेले आक्षेप एकाच वर्गाच्या अनुभवावर उभे आहेत.

पेटी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, भर पावसात, टेम्पोतून आली. शिपाईमामांनी आणि मी ती दुसऱ्या मजल्यावर चढवली तेव्हा तिच्या वजनाचा अंदाज आला. जुन्या वाड्यात भरणाऱ्या, अरुंद जिन्याच्या शाळांनी हे आधी लक्षात घ्यावे. आत १२० पुस्तके असतात आणि दर दोन महिन्यांनी ती बदलून मिळतात. भाडे महिना ९०० रुपये आणि अनामत ५,००० रुपये. आमच्याकडे अनामत शाळेने भरली आणि भाडे पालक-शिक्षक संघाने दिले. झाकण उघडले की आतल्या बाजूला जाड कापडाचे खिसे दिसतात आणि त्यांत पुस्तके मुखपृष्ठ समोर येईल अशी उभी करता येतात. ही सोय दिसायला किरकोळ आहे, पण संपूर्ण संचात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. वर्गातल्या कपाटात पुस्तकाचा फक्त कणा दिसतो, आणि लहान मुलांच्या चित्रपुस्तकाला कणा म्हणावा असा असतोच कुठे? आठ वर्षांचे मूल पुस्तक निवडते ते चित्र पाहून. कपाटातली पुस्तके वर्षानुवर्षे कोरी राहिली आणि पेटीतली आठवड्याभरात हाताळली गेली, याचे निम्मे कारण या खिशांत आहे.

पुस्तकांची निवड चांगली आहे. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके, ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तके, प्रथम बुक्सची पातळ पुस्तके आणि ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक एकत्र बांधून केलेले चार खंड, असा पहिला संच होता. गोष्टींची रेलचेल होती; माहितीपर पुस्तके मात्र १२० पैकी अवघी अकरा निघाली, आणि त्या अकरांवरच मुलांच्या उड्या पडल्या. सापांवरचे एक पुस्तक ऑगस्टपर्यंत इतके फाटले की त्याला दोनदा चिकटपट्टी लावावी लागली. मुलांना गोष्टी आवडतात हे आपण मोठ्यांनी धरलेले गृहीतक आहे. माझ्या वर्गातल्या निदान दहा मुलांना पूल कसा बांधतात, जेसीबीचा हात कसा हलतो आणि साप कात का टाकतो हेच वाचायचे होते. दुसऱ्या संचाच्या वेळी मी फोन करून माहितीपर पुस्तके वाढवून मागितली आणि संस्थेने तक्रार न करता ती पंचवीसपर्यंत नेली, हे नोंदवले पाहिजे.

आता ठिपक्यांविषयी, कारण येथे संस्थेचे गणित चुकले आहे. प्रत्येक पुस्तकाच्या कोपऱ्यावर हिरवा, पिवळा, केशरी किंवा लाल ठिपका असतो. हिरवे सर्वांत सोपे आणि लाल सर्वांत अवघड. पातळी ठरवण्यासाठी मुख्यतः शब्दसंख्या धरली आहे, असे प्रशिक्षणात सांगण्यात आले. शब्दसंख्येवरून पातळ्या पाडण्याची पद्धत नवी नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या मुक्त संकेतस्थळावरही चार पातळ्या आहेत आणि तेथे पहिल्या पातळीच्या पुस्तकात साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरीत ६०० पर्यंत आणि तिसरीत १५०० पर्यंत मजकूर असतो. मात्र शब्द किती ओळखीचे आहेत आणि पुनरावृत्ती किती आहे यांचाही तेथे विचार होतो. आमच्या पेटीत तो झालेला दिसला नाही. हिरव्या ठिपक्याच्या एका पुस्तकात पानावर जेमतेम सात-आठ शब्द होते, पण त्यांत ‘स्वच्छ’, ‘वृक्ष’ आणि ‘सूर्यप्रकाश’ आले होते. केशरी ठिपक्याच्या दुसऱ्या एका पुस्तकात पानभर मजकूर होता, पण तो सगळा काना, मात्रा आणि वेलांटीवर चालणारा, एकच ओळ पुन्हा पुन्हा येणारा आणि तोंडात सहज बसणारा. ज्या मुलीला मी हिरव्या पुस्तकाकडे पाठवले ती पहिल्याच पानावर अडली, आणि तीच मुलगी आठवड्याने केशरी पुस्तक मोठ्याने म्हणून दाखवत होती.

मराठी वाचताना मूल कोठे अडते हे पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कोणत्याही बाईंना विचारावे. शब्द लांब आहे म्हणून ते सहसा अडत नाही. ते रफारापाशी अडते, कारण ‘पर्वत’ या शब्दात रफार ‘व’च्या डोक्यावर दिसतो पण उच्चारायचा त्याच्या आधी असतो. ते पहिल्या वेलांटीपाशी घोटाळते, कारण ती अक्षराच्या आधी लिहिलेली आणि नंतर बोलायची असते. ‘दऱ्या’मधला ‘ऱ्य’, ‘ज्ञान’मधला ‘ज्ञ’ आणि ‘राष्ट्र’मधला तीन मजल्यांचा ‘ष्ट्र’ ही त्यापुढची ठाणी. ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही त्यांच्यापुढे आणखी एक पेच असतो. ‘चाक’मधला च आणि ‘चित्र’मधला च, ‘जाड’मधला ज आणि ‘जीव’मधला ज कागदावर सारखेच दिसतात, कोणता कोठे म्हणायचा हे अक्षर सांगत नाही, कान सांगतो, आणि तो कान घरी तयार झालेला नसतो. माझ्या वर्गात बांधकामावर काम करणाऱ्या कुटुंबांतली सात मुले आहेत. त्यांच्या घरी कन्नड, तेलुगू किंवा हिंदी बोलली जाते. त्यांच्यासाठी हिरवा ठिपका आणि लाल ठिपका यांत फारसा फरक नव्हता.

शेवटी जुलैच्या एका रविवारी मी पेटीतली सगळी पुस्तके घरी पसरून त्यांची नवी वर्गवारी केली. जोडाक्षरे जवळपास नसलेली, मोजकी आणि नेहमीची जोडाक्षरे असलेली, आणि कसलीही अट नसलेली, असे तीनच गट पाडले आणि ठिपक्यांवर पांढरी चिठ्ठी चिकटवली. पूर्ण दिवस गेला. हे काम संस्थेने एकदाच करून दिले तर शंभर शाळांतील शंभर रविवार वाचतील. पुस्तक परत करताना चिठ्ठ्या काढाव्या लागतात आणि पुढच्या संचाला पुन्हा तेच करावे लागते, ही आणखी एक डोकेदुखी.

पुस्तक निवडण्यासाठी पुस्तिकेत पाच बोटांची युक्ती सांगितली आहे: एक पान वाचावे, न येणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे, पाचही बोटे मिटली तर पुस्तक परत ठेवावे. मुलांना ती फार आवडली आणि काही दिवस वर्गभर मुठीच मुठी दिसत होत्या. पण पानावर शंभर शब्द असतील तेव्हाच पाच या आकड्याला अर्थ आहे. पानावर बारा शब्द असताना पाच शब्द येत नसतील तर ते पुस्तक त्या मुलासाठी नाहीच. आम्ही चित्रपुस्तकांसाठी दोन बोटांवर तडजोड केली. त्यातही एक सवलत ठेवली: सापाचे पुस्तक कितीही अवघड असले तरी हवे त्याने घ्यावे, पण वाचायला जोडीदार घ्यावा. आवड असेल तर मूल अवघड मजकुराशीही झटते, आणि ते झटणे ठिपक्यासाठी मोडायला माझे मन झाले नाही.

पुस्तिकेचा गाभा मात्र वीस मिनिटांच्या मूकवाचनात आहे. नियम चारच आहेत. सर्वांनी एकाच वेळी वाचायचे, कोणी बोलायचे नाही, वाचलेल्यावर प्रश्न विचारायचे नाहीत, आणि शिक्षकानेही त्या वेळात स्वतःचे पुस्तक वाचत बसायचे, म्हणजे मुलांपुढे आदर्श राहतो. प्रशिक्षकांनी हे अतिशय तळमळीने सांगितले, आणि मी पहिले तीन आठवडे ते प्रामाणिकपणे पाळले. मधल्या सुट्टीनंतरची वेळ ठरवली. वर्ग इतका शांत होत असे की खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला स्पष्ट ऐकू येई. मुख्याध्यापिका दारातून डोकावून समाधानाने परत जात. त्या तीन आठवड्यांत माझी एक कादंबरी वाचून झाली, एवढे मान्य केले पाहिजे.

खिडकीशेजारच्या बाकावरचा मुलगा त्या काळात सर्वांत आदर्श वाचक होता. मान खाली, बोट ओळीवर, ठरावीक अंतराने पान उलटणे, मध्येच हसणे. चौथ्या आठवड्यात पावसामुळे निम्मी मुले आली नाहीत, म्हणून मी सहज त्याच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हटले, ‘मलाही वाचून दाखव ना.’ त्याने गोष्ट सांगायला सुरुवात केली. गोष्ट सुरेख होती. हत्ती होता, नदी होती, हत्तीची आई होती. फक्त ती पुस्तकात नव्हती. चित्रे पाहून तो आपली गोष्ट रचत होता आणि पान उलटण्याचा वेळ शेजारच्या मुलीकडे पाहून ठरवत होता. त्याला काना-मात्रा येत होत्या; दोन अक्षरी शब्दांपलीकडे त्याची गाडी जात नव्हती. तीन आठवडे, रोज वीस मिनिटे, मी त्याच्यापासून आठ फुटांवर कादंबरी वाचत बसले होते. त्या दिवशी आणखी पाच मुलांजवळ बसले. दोन व्यवस्थित वाचत होती, एक शब्दाची सुरुवात पाहून पुढचे अंदाजाने ठोकून देत होते, एकाने वीस मिनिटांत चार पुस्तके बदलली होती, आणि एक मुलगी गेले आठ दिवस तेच पुस्तक वाचत होती, कारण ते तिला पाठ झाले होते आणि चुकण्याची भीती नव्हती.

हा दोष माझ्या वर्गापुरता असता तर मी तो माझ्याच माथी घेतला असता. पण ही पद्धत जेथून आली तेथेही हाच प्रश्न फार पूर्वी उपस्थित झाला आहे. विनाव्यत्यय मूकवाचनाची कल्पना अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठाच्या लायमन हंट यांनी १९६० च्या दशकात मांडली आणि शिक्षकाने स्वतः वाचत बसण्यासह तिचे नियम पुढे शाळाशाळांत रूढ झाले. सन २००० मध्ये तेथील राष्ट्रीय वाचन समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. शिक्षकाचे मार्गदर्शन जवळपास नसलेल्या मूकवाचनामुळे मुलांचे वाचन अस्खलित होते असे म्हणण्याइतका पुरावा उपलब्ध अभ्यासांत सापडत नाही, असे त्या अहवालाने नोंदवले. उलट, मार्गदर्शनाखाली केलेल्या प्रकट, म्हणजे मोठ्याने केलेल्या, वाचनाच्या बाजूने पुरावा सापडला. अहवालाचा आधार घेऊन काही लोक स्वतंत्र वाचन निरुपयोगी ठरवतात, तेही चूक आहे. पुरावा अपुरा असणे आणि उपयोग नसल्याचे सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिले आहे की जी मुले जास्त वाचतात ती चांगली वाचतात. वाक्य खरे आहे, पण ते उलटेही तितकेच खरे आहे: ज्यांना चांगले वाचता येते ती जास्त वाचतात. पहिल्या बाजूवर उपक्रम उभारायचा आणि दुसरीकडे डोळेझाक करायची, हे शिक्षकाला परवडणारे नाही.

वाचनाचे अभ्यासक मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये यालाच बायबलमधील वचनावरून ‘मॅथ्यू परिणाम’ म्हटले: ज्याच्यापाशी आहे त्याला आणखी मिळत जाते. माझ्या वर्गातल्या त्या शांत वीस मिनिटांत नेमके हेच घडत होते. वाचता येणाऱ्या पंधरा-सोळा मुलांना मेजवानी होती आणि उरलेली पंगतीत पान मांडून नुसती बसली होती. मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात देशातील तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. शहरातल्या माझ्या वर्गाची स्थिती त्याहून बरी असली, तरी एकाच वर्गात शब्दापाशी अडलेले आणि ‘किशोर’ची दीर्घकथा एका बैठकीत संपवणारे मूल शेजारी शेजारी बसते, हे चित्र येथेही तसेच आहे. केंद्र सरकारचे पायाभूत वाचन-गणितासाठीचे निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले तेव्हापासून तिसरीपर्यंत अर्थ समजून वाचता आले पाहिजे हे उद्दिष्ट आमच्या भिंतीवर तक्त्याच्या रूपात लटकत आहे. त्या तक्त्याखाली बसून मुलाने वाचण्याचा अभिनय करावा, यात काहीतरी विचित्र होते.

ऑगस्टपासून मी वीस मिनिटे तशीच ठेवली आणि त्यांची आतली मांडणी बदलली. अमेरिकेतच संशोधक रे रॉयट्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तिसरीच्या मुलांबरोबर आधारयुक्त मूकवाचनाचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात शिक्षक पुस्तक निवडायला शिकवतो, एकेका मुलाजवळ काही मिनिटे बसून त्याचे वाचन ऐकतो, त्याच्याशी बोलतो आणि पुढचे छोटे उद्दिष्ट ठरवतो. मार्गदर्शित प्रकट वाचनाच्या तुलनेत ती मुले मागे पडली नाहीत. आमचा वर्ग, आमची बाके आणि आमची ३८ ही संख्या पाहून मी त्यातले जमेल तेवढे घेतले.

माझी कादंबरी घरी राहिली आणि वर्गात एक बुटके स्टूल आले. रोज चार मुले, प्रत्येकाजवळ चार मिनिटे. उरलेली चार मिनिटे पुस्तके घेण्या-ठेवण्यात जातात. आठवड्याला वीस, म्हणजे संपूर्ण वर्ग व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. हे पुरेसे नाही, म्हणून अडखळणाऱ्या नऊ मुलांचा वार ठरवून टाकला आणि त्यांची भेट दर आठवड्याला होईल असे पाहिले. उरलेल्या जागांवर बाकीच्यांची पाळी तीन आठवड्यांनी येऊ लागली. अस्खलित वाचणाऱ्या मुलांनी तक्रार केली की बाई आमच्याकडे येतच नाहीत. तक्रार रास्त होती, आणि तिचे उत्तर माझ्याकडे आजही नाही. स्टुलावर बसल्यावर मी तीनच गोष्टी करते. मूल जेथे असेल तेथून पुढचा परिच्छेद हळू आवाजात वाचून घेते. मग पुस्तक बाजूला ठेवून काय चालले आहे ते त्याच्या शब्दांत सांगायला लावते. शेवटी एक गोष्ट शिकवते, एकच: रफाराचा एखादा शब्द, वाक्य संपल्यावर थांबणे, किंवा कळले नाही तर मागे जाऊन पुन्हा वाचणे. शंभरपानी वहीत त्या मुलाच्या पानावर तारीख, पुस्तक आणि अडलेले शब्द लिहून उठते. त्या वहीने मला जे सांगितले ते घटक चाचणीने कधी सांगितले नव्हते. उदाहरणार्थ, एका मुलीच्या पानावर पाच आठवडे सलग ‘त्याच्या’, ‘तिच्या’, ‘त्यांच्या’ हेच शब्द अडल्याचे दिसले, आणि हे शब्द तर प्रत्येक पानावर असतात. ती मुलगी गोष्ट का सोडून देते याचा उलगडा तेथे झाला.

न बोलण्याचा नियम मी मोडला. जे मूल अजून अक्षरे जुळवत आहे त्याला मनात वाचता येत नाही. त्याला पुटपुटावे लागते, आणि पुटपुटू दिले नाही तर ते वाचणे सोडून देते. आता वर्गात मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणाट असतो. मुख्याध्यापिका पुन्हा एकदा दारात आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह होते. त्यांना पाच मिनिटे स्टुलावर बसवले आणि वही दाखवली, त्यानंतर त्यांनी विचारले नाही. शुक्रवारी शेवटची काही मिनिटे शेजाऱ्याला पुस्तकाविषयी सांगायची असतात. प्रश्न विचारू नयेत या नियमामागची भावना मला पटते, कारण आपल्याकडे प्रत्येक पाठाखाली स्वाध्याय असतोच आणि निदान येथे तरी मुलाला त्यातून सुटका हवी. पण प्रश्न आणि गप्पा यांत फरक आहे. सापाच्या पुस्तकावर दोन मुलांनी घातलेला वाद, की धामण विषारी असते की नसते, पान उघडून पुरावा दाखवण्यापर्यंत गेला. बिनविषारी म्हणणारा जिंकला.

संचाबरोबर प्रत्येक मुलासाठी एक वाचननोंदीचा तक्ताही येतो: तारीख, पुस्तकाचे नाव, वाचलेली पाने, पालकांची सही, आणि दर पन्नास पानांना एक चांदणी. हा तक्ता मी सप्टेंबरमध्ये बंद केला. चांदण्यांसाठी मुले पातळ पुस्तके शोधू लागली, ज्या मुलांचे आईवडील रात्री आठला घरी येतात त्यांच्या सह्या कायम राहून जाऊ लागल्या, आणि ‘किशोर’चा जाड खंड मनापासून वाचणाऱ्या मुलीला आठवडाभरात एकही चांदणी मिळाली नाही. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचे, चहा-पोह्यांसह, नीटनेटके होते. त्यात वाचनाचे महत्त्व पटवण्यात दोन तास गेले. सभागृहात बसलेल्या चाळीस शिक्षकांपैकी कोणालाही ते पटलेले नव्हते असे मला वाटत नाही. अडखळणाऱ्या मुलाजवळ बसून चार मिनिटांत काय करावे, हे एखाद्या मुलाला समोर बसवून दाखवले असते तर तेवढ्यासाठी मी पूर्ण दिवस दिला असता.

फायदा झाला का, असे सहकारी विचारतात. जूनमध्ये अडखळणाऱ्या नऊ मुलांपैकी सहा मुले मार्चमध्ये जोडाक्षरे असलेला अनोळखी परिच्छेद अर्थ समजून वाचत होती. खिडकीशेजारचा मुलगा त्या सहांत आहे, आणि त्याला आता गोष्ट रचण्याची आणि वाचण्याची अशी दोन वेगळी कामे येतात. पण याचे श्रेय एकट्या पेटीला देणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण त्याच मुलांची रोज पंधरा मिनिटांची जोडाक्षरांची स्वतंत्र तासिका वर्षभर चालू होती. अक्षरे शिकवण्याचे काम स्वतंत्र वाचन करत नाही. शिकलेली अक्षरे ज्या मजकुरात पुन्हा पुन्हा भेटतात तो मजकूर ते पुरवते. राहिलेल्या तीन मुलांपैकी दोन मुले पावसाळ्यानंतर बांधकामाच्या जागेबरोबर वाघोलीकडे गेली. तिसऱ्याची दृष्टी तपासून घ्यायला हवी होती हे मला जानेवारीत, वहीतल्या नोंदी सलग वाचताना कळले. तो लहान अक्षरांच्या पुस्तकातच अडत होता.

सेवेविषयी थोडे. संच वेळेवर बदलून मिळाला, फक्त गणेशोत्सवात लक्ष्मी रस्ता बंद असल्यामुळे टेम्पो आठ दिवस उशिरा आला, आणि त्याबद्दल पुण्यात कोणी कोणाला बोल लावत नाही. फाटलेल्या पुस्तकांसाठी अनामतीतून ३४० रुपये कापले गेले. सापाच्या पुस्तकाचे पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत. इतके वाचले गेलेले पुस्तक दंडाला पात्र नाही, असे फोनवरच्या ताई म्हणाल्या.

दहा महिन्यांचे भाडे ९,००० रुपये होते. तेवढ्या पैशांत अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या बाजारात मी स्वतः निवडून शंभरच्या आसपास पुस्तके घेऊ शकले असते, आणि ती शाळेच्या मालकीची झाली असती. पेटीतून वर्षात पाच वेळा मिळून सुमारे सहाशे पुस्तके वर्गातून गेली. ज्या शाळेत पुस्तके जवळजवळ नाहीतच, तिने पहिले वर्ष पेटी घ्यावी, मुले कशावर तुटून पडतात ते नोंदवावे आणि दुसऱ्या वर्षी तीच पुस्तके विकत घ्यावीत, असा माझा सल्ला आहे. ज्यांना तेही परवडत नाही त्यांच्यासाठी ‘स्टोरीवीव्हर’वरील मराठी पुस्तके मोफत उतरवून छापता येतात, आणि १९७१ पासून बालभारती काढत असलेल्या ‘किशोर’चे जुने अंकही महाजालावर मोफत वाचता येतात. शाळेत छपाईयंत्र चालू असेल आणि शाई मिळत असेल, एवढी अट.

पुढच्या वर्षासाठी आम्ही पेटी पुन्हा नोंदवली आहे, या वेळी फक्त सहा महिन्यांसाठी आणि पुस्तिका व तक्त्यांशिवाय. तक्ते न घेतल्यास महिना ७५ रुपये कमी होतात. हे माहितीपत्रकात छापलेले नाही, विचारावे लागते. जूनमध्ये पेटी हवी असल्यास मार्चअखेर नोंदणी करावी, आणि नोंदणी करतानाच माहितीपर पुस्तके किमान तीस हवीत असे लिहून द्यावे. स्टूल शाळेचे आपलेच लागते.